भाईजींचं एनचं बटण

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी भाईजींचं नाव घेतो. भाईजी म्हटलं की मला त्यांचा चेहरा नंतर आठवतो, आधी आठवतं उजव्या हाताचं पहिलं बोट. ते कीबोर्डवरच्या एनच्या बटणावर टेकलेलं असायचं. 'नो' म्हणायचं ते बटण. दाबून दाबून त्यावरचं अक्षर पार पुसून गेलं होतं.

जालन्यात मस्तगडला त्यांचं बियाण्याचं दुकान होतं. घराणं राजस्थानातून आलेलं, पण किती पिढ्यांपूर्वी ते त्यांनाही सांगता येत नसे. पुढे कापूस आणि मक्याच्या बियाण्याची पाकिटं, आणि मागच्या खोलीत चार कॉम्प्युटर. त्या खोलीत मी शिकवत असे. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, बी.एस्सी. झाल्याबरोबर भाईजींनी मला ठेवून घेतलं आणि पहिल्या दिवसापासून मास्तर म्हणायला लागले. दुपारी क्लास सुटला की त्याच कॉम्प्युटरवर ते गेम खेळायला बसत. तेव्हा त्यांचं वय पंचावन्न असेल.

सगळे गेम नव्हे. त्यांना फक्त रोल-प्लेइंग गेम लागत, आरपीजी. म्हणजे ज्यात आपण गोष्टीतलं एक पात्र होतो आणि त्याच्या वतीने काय करायचं ते ठरवतो. पण नुसतं तसं लिहिलेलं असून भागत नसे. नवी सीडी आली की पात्र गावात शिरे, कुणीतरी त्याला पहिलं काम सांगे, आणि भाईजी एन दाबत. मग माझ्याकडे वळून विचारत, "मास्तर, ना म्हणता येतं का?"

इंग्रजी वाचून सांगायचं काम माझं. बहुतेक गेममध्ये ना म्हणता येत नसे. म्हणजे बटण असे, पण दाबून काही फरक पडत नसे. अशी सीडी परत जाई. भिंतीवरच्या छोट्या फडताळावर त्यांनी 'खरे' अशी चिठ्ठी चिकटवली होती, आणि त्यात दोनच सीड्या होत्या.

माझं खेळणं अगदी उलटं. मी येईल त्याला हो म्हणायचो. कुणाची शेळी शोध, कुणाची अंगठी विहिरीतून काढ, कुणाचा निरोप डोंगरापलीकडे पोचव. भाईजी मागे उभे राहून बघत.

"मास्तर, तू गेममधी बी सगळ्या गावाची कामं करून राह्यला. राजा कधी होणार?"

शनिवारी अंबडहून एसटीने वकीलसाहेब येत. ते भाईजींचे शाळेपासूनचे दोस्त, आणि शाळेपासून त्यांच्यात वाद चाललेला. आपल्याकडे वाद संपला की माणूस "बराबर" म्हणतो आणि चहा सांगतो. भाईजी गिऱ्हाइकाला बराबर म्हणत, हमालाला बराबर म्हणत. वकीलसाहेबांना त्यांनी तो शब्द कधी दिला नाही, आणि वकीलसाहेबांनी त्यांना दिला नाही.

एकदा कॉम्प्युटरच्या मासिकात एका येणाऱ्या गेमची जाहिरात आली. मुखपृष्ठावरच छापलं होतं, रोल-प्लेइंग गेम. सोबत डेमोची सीडी. त्यात एक मंत्री येतो आणि विचारतो, राज्यासाठी लढशील का? भाईजींनी एन दाबलं. मंत्री म्हणाला, राज्य संकटात आहे, पुन्हा विचार कर. आणि तोच प्रश्न. जेवण झाल्यापासून चहा येईपर्यंत भाईजी एन दाबत राहिले. मंत्री हटला नाही.

"लईच गळेपडू माणूस आहे," भाईजी म्हणाले. "हा काही खरा आरपीजी न्हाई."

"पात्राचे गुण वाढतात, विद्या वाढते, हत्यार निवडता येतं," वकीलसाहेब म्हणाले. "आणि मासिकात छापलंय. अजून काय पुरावा पाहिजे तुला?"

"बियाण्याच्या पाकिटावर बी छापलेलं असतंय. उगवण शेतात कळती."

"डेमोवरून निकाल देतोस? सगळा गेम येऊ दे आधी."

"येऊ दे. बिलकुल येऊ दे."

मग वकीलसाहेबांनी माझ्याच वहीतल्या पानावर करारनामा लिहिला. गेम आला की मास्तरांनी खेळायचा. खरा की खोटा, तो निकाल कागदावर लिहून सहीनिशी पोस्टाने भाईजींकडे पाठवायचा. ईमेल चालणार नाही, त्यावर सही नसते. पत्र एकच. आणि हरणाऱ्याने भर दुकानात चार माणसांसमोर जिंकणाऱ्याला "बराबर" म्हणायचं. दोघांनी सह्या केल्या. दोघांचेही हात जरा जड वाटले मला.

त्याच महिन्यात आबा, माझे वडील, अंकुशनगरहून आले. ते साखर कारखान्यात होते. दुकानात येऊन टोपी मांडीवर ठेवून बसले आणि म्हणाले, "सोमवारपासून तुला काट्यावर बसायचंय. ऊस मोजायला. साहेबांना शब्द दिलाय मी. येतोस ना?"

माझ्या खणात औरंगाबादच्या कॉम्प्युटरच्या कोर्सला प्रवेश मिळाल्याचं पत्र होतं. ते फक्त भाईजींना माहीत होतं. मी त्यांच्याकडे बघितलं. ते पंख्याकडे बघत होते.

"न्हाई, आबा," मी म्हणालो.

"साहेबांना शब्द दिलाय म्हणलं ना. येतोस ना?"

"न्हाई."

"लोक वशिला लावून राह्यलेत त्या जागेसाठी. सोमवारी येतोस ना?"

"न्हाई, आबा."

भाईजी कान खाजवायला लागले. आबांनी कपातला उरलेला चहा बघितला, तो पिऊन टाकला आणि विचारलं, "मंग काय करणार?"

मी खणातलं पत्र दिलं. आबांनी ते उलटंसुलटं केलं आणि भाईजींपुढे धरलं. "मला नका इचारू," भाईजी म्हणाले, "ज्याचं त्याला इचारा." मग मी सांगत गेलो आणि आबा ऐकत गेले.

आबा उठून गेले. भाईजी म्हणाले, "तुझे आबा त्या मंत्र्यापेक्षा हुशार निघाले. तिसऱ्या 'न्हाई'नंतर सवाल बदलला त्यांनी."

मी औरंगाबादला गेलो. गेम यायला आणखी दीड वर्ष लागलं. मी खेळलो, निकाल लिहिला, सही केली आणि पोस्टात टाकला.

दिवाळीत जालन्याला गेलो तेव्हा भाईजींनी विचारलं, "कोणतं पत्र?"

मी गडबडलो. म्हटलं, दुसरं लिहून देतो.

"करारात एकच पत्र आहे, मास्तर. टपाल आहे, येईल हळूहळू."

तोंडी सांगायला गेलो तर म्हणाले, कागदाशिवाय निकाल ऐकणं बेकायदेशीर. पुढची सहा-सात वर्षं वकीलसाहेब दर शनिवारी विचारत राहिले आणि भाईजी टपालाची वाट बघत राहिले.

भाईजी गेल्याचं कळल्यावर मी बैठकीला गेलो. वकीलसाहेब सतरंजीवर भिंतीला टेकून बसले होते. मला जवळ बसवून हळूच म्हणाले, "मास्तर, तुझं पत्र काही आलं न्हाई बघ. पोस्टावर दावा लावू का?" एवढं बोलून त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला.

उठताना भाईजींच्या मुलाने मला दुकानाच्या मागच्या खोलीत नेलं. कॉम्प्युटर गेले होते, पोती आली होती. फडताळ मात्र जागेवर होतं, 'खरे' ही चिठ्ठीही. आत तीन सीड्या होत्या. तिसरी त्या मंत्र्याची. मी डबी उघडली. सीडीच्या मागे चार घड्या घातलेलं माझं पत्र होतं. ते तसंच्या तसं देतो.

*आदरणीय भाईजी,*

*साष्टांग नमस्कार. गेम आला. मित्राच्या कॉम्प्युटरवर दोन रविवार खेळलो. तुमच्या पद्धतीप्रमाणे पहिल्याच कामाला एन दाबलं. मंत्री म्हणाला, पुन्हा विचार कर. मला आनंद झाला, वाटलं तुम्ही जिंकलात. पुन्हा एन दाबलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा दाबल्यावर मंत्र्याने विचारलं, मग तू काय करणार? डेमोत हे नव्हतं. खाली चार उत्तरं होती. शेवटचं होतं, अजून ठरलं नाही. मी तेच निवडलं, तरी गोष्ट पुढे गेली.*

*भाईजी, हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितो आहे. आधीच्या दोन्हींत गेम खोटा आहे असं लिहिलं होतं, कारण तुम्हाला हरवायला माझा हात धजत नव्हता. दोन्ही फाडली. ना म्हणायला तुम्हीच शिकवलंत, म्हणून आज तुम्हालाही म्हणतो. गेम खरा आरपीजी आहे. वकीलसाहेबांना ठरलेला शब्द द्यावा ही विनंती.*

*आबा बरे आहेत. तुमची आठवण काढतात.*

*आपला,*
*मास्तर*

*(खाली पेन्सिलीने, दुसऱ्या अक्षरात)*
*बराबर. वकिलाला माझ्या मागं दाखवणे.*