सत्तेचाळीस वाफ्यांची सोडत

महापालिकेच्या उद्यान विभागात तिला सगळे मुकादमबाई म्हणत. एकतीस वर्षांची नोकरी, त्यातली अठरा मुकादमीची. हाताखाली बावीस माळी होते आणि त्यांतल्या एकावरही तिने कधी आवाज चढवला नव्हता. पाण्याचा पाइप उन्हात टाकून गेला म्हणून एका धट्ट्याकट्ट्या माळ्याशी तिने दोन दिवस अबोला धरला, तेव्हा तो बिचारा शेवटी म्हणाला, “बाई, शिव्या द्या, पण बोला.”

पंपहाउसमागची जमीन हे तिचं कागदावर नसलेलं काम. जुनी जलवाहिनी उखडून नेल्यावर तिथे नुसता राडारोडा उरला होता. वस्तीतल्या बायकांनी तो हाताने वेचला आणि मुकादमबाईने बागांतला पालापाचोळा गाडी भरभरून तिकडे वळवला. सहा वर्षांत विटांच्या तुकड्यांवर वीतभर काळी माती आली. सत्तेचाळीस घरांचे सत्तेचाळीस वाफे. पालक, भोपळा, घेवडा, टोमॅटो. घरचं भागून जे उरे ते शेजारच्या सरकारी दवाखान्याच्या स्वयंपाकघरात जाई.

या बायकांची म्होरकी म्हणजे मुकादमबाईची थोरली जाऊ. वाफ्यांचं एक टोक पाण्याच्या टाकीजवळ होतं आणि दुसरं उंच भिंतीच्या सावलीत. पहिल्याच वर्षी त्यावरून भांडणं जुंपली, तेव्हा जाऊबाईंनी नियम घातला. दर हंगामाला प्रत्येकीने एक वाफा पुढे सरकायचं, शेवटचीने फिरून पहिल्यावर यायचं.

“म्हणजे खत मी घालायचं आणि पीक हिने काढायचं?” एकीने तोंड वाकडं केलं.

“आणि तुझ्या आधीचीने घातलेलं खत तू खाशील, तेव्हा कसं गोड लागेल?” जाऊबाई म्हणाल्या. सगळ्या हसल्या. तेव्हापासून त्या बिनतक्रार सरकत आल्या.

अन्न धोरण कक्षाच्या प्रमुख मॅडम पंधरा वर्षांपूर्वी शिकाऊ म्हणून उद्यान विभागात आल्या होत्या. ओली माती मुठीत दाबून ती कशी फुटते ते पाहायला त्यांना मुकादमबाईनेच शिकवलं होतं. खुर्ची मोठी झाली तरी त्या तिला मावशीच म्हणत.

“मावशी, शहराचं अन्न धोरण होतंय,” त्या एक दिवस स्वतः नर्सरीत येऊन म्हणाल्या. “शहरात पिकेल ते आधी गरिबाच्या ताटात, असं महापौरांनी भर सभागृहात सांगितलंय. तुमच्या बायकांचे वाफे मला कागदावर आणायचेत. एकदा कागदावर आले की त्यांना कुणी हलवू शकणार नाही.”

“नक्की?”

“तुम्ही मला माती शिकवलीत. तुम्हाला फसवीन का मी?”

जाऊबाईंना पटवणं मात्र सोपं नव्हतं. “कुणाच्या डोळ्यावर आलो नाही म्हणून टिकलो आपण. कागद झाला की पत्ता झाला.”

“जाऊबाई, मी आहे ना मध्ये. माझा शब्द.”

“तुझा आहे म्हणून ऐकते. तुझ्या मॅडमचा असता तर दारातूनच परत पाठवला असता.”

तीन रविवार खपून मुकादमबाईने सर्वेक्षण लिहिलं. कोणत्या वाफ्यात काय, माती किती खोल, कुणाच्या घरात खाणारी तोंडं किती. रकाने संपल्यावर तिने एक पान वेगळं जोडलं. कायमची सावली कुणाच्याच वाट्याला येऊ नये म्हणून या बायका दर हंगामाला कशा सरकतात, ते तिने त्यात घोटीव अक्षरात सविस्तर लिहिलं. मॅडमनी ते वाचून चष्मा काढला. “मावशी, समन्याय म्हणतात तो हाच. आमच्या अख्ख्या धोरणात असं पान नाही.”

चार महिन्यांनी शिपायाने परिपत्रक आणून दिलं. मुकादमबाईने ते नर्सरीच्या फाटकात उभ्यानेच वाचलं. ‘सर्वेक्षणानुसार सदर वाफ्यांवर कोणाही व्यक्तीचा सलग ताबा आढळून येत नाही. सबब सर्व वाफे रिकामे समजून, नागरिकांना समान संधी मिळावी यासाठी त्यांचे वाटप सोडतीने करण्यात येईल.’ पुरावा म्हणून तिचंच पान जोडलेलं होतं. खाली तिची सही.

ती तडक मॅडमच्या दालनात गेली. मॅडमनी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

“मावशी, मनाला लावून घेऊ नका. ओळखीतल्या सत्तेचाळीस बायकांनाच दिले असते, तर बाकीच्या शहरावर अन्याय नव्हता का? त्यांनीही अर्ज करावेत की.”

“अर्ज किती येतील?”

“तीन हजार तरी.”

“माती त्या तीन हजारांनी केली का?”

“धोरणात मातीचा रकाना नाही, मावशी.”

मुकादमबाईने परिपत्रक टेबलावरच्या काचेवर ठेवलं. “माझं पान वाचताना तुम्हाला हे ठाऊक होतं?”

“नाही. वाचताना मला ते खरंच आवडलं होतं.” मॅडमचा आवाज उतरला. “नंतर ते विधी विभागाने वाचलं.”

“आणि मग तुम्ही काय केलंत?”

“सही केली.” मग त्या म्हणाल्या, “सोडतीच्या चिठ्ठ्या तुमच्या हस्ते काढायच्या ठरल्यात. सगळ्यांत जुन्या कर्मचारी म्हणून. मान आहे तो.”

केसाने गळा कापतात म्हणजे काय ते तिला त्या दालनात उमगलं. कापणाऱ्याचा आवाज शेवटपर्यंत मऊ असतो.

बायकांना तिने स्वतः जाऊन सांगितलं. कुणी रडलं, कुणी बोटं मोडली. जाऊबाई एवढंच म्हणाल्या, “अक्षर मात्र सुरेख काढलं होतंस.”

सोडतीला जाऊ नये असं तिच्या मनात शंभरदा आलं. पण निदान आपल्या हातून लबाडी तरी होणार नाही, या एका विचाराने ती गेली. सभागृह गच्च भरलं होतं. वस्तीतल्या बायकांनीही अर्ज केले होते; त्या मागच्या ओळीत बसल्या होत्या. मुकादमबाईने चिठ्ठ्यांच्या पिंपात हात घातला. पहिली तिन्ही नावं तिने कधी ऐकलेलीही नव्हती. चौथी चिठ्ठी कारकुनाने मोठ्याने वाचली, आणि ती जाऊबाईंची निघाली.

“घ्या! काढणारी मुकादमीण आणि निघाली तिची जाऊ!” मधल्या ओळीतून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

जाऊबाई उठल्या. “वाफा कितवा?”

“एकोणीस.”

त्यांनी शेजारणीच्या खांद्यावर हात ठेवला. “एकोणिसात आत्ता हिचा घेवडा फुलावर आलाय. तो उपटून मी लावू?”

“आजी, स्वीकार की नकार तेवढं सांगा. लोक खोळंबलेत.”

“नकार.” मग त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी व्यासपीठाकडे नजर वळवली. ती मॅडमवर नव्हती. “सहा वर्षं आम्ही सरकत होतो. ढकललं कुणालाच नव्हतं.”

त्या निघाल्या, तशा मागच्या ओळीतल्या बायका एकेक करत उठल्या. मुकादमबाईचा हात अजून पिंपातच होता. चिठ्ठ्या कोरड्या आणि हलक्या होत्या.

मॅडमनी माइकवर तळवा ठेवला. “मावशी, पुढची. चव्वेचाळीस बाकी आहेत.”

तिने रिकामा हात बाहेर काढला. “काढा तुम्ही. इथवर आणलंत, आता हातही तुमचाच लागू द्या.”

ती बाहेर आली तेव्हा बायका पायऱ्यांवर चपला शोधत होत्या. ती येताच बोलणं थांबलं. कुणी तिला टाकून बोललं नाही, कुणी जागाही करून दिली नाही. चपला घालून त्या घोळक्याने वस्तीकडे निघाल्या. मुकादमबाई दहा पावलं मागे राहून चालू लागली. जाऊबाईंनी एकदा मागे वळून पाहिलं, पण पाऊल मंद केलं नाही.