पाचवी बाटली

घारबाई कामावर पितात, अशी कुजबुज आमच्या बिअरच्या कारखान्यात एका मंगळवारी सकाळी सुरू झाली आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत फाटकावरच्या पहारेकऱ्यालाही पाठ झाली. 'दर वीस मिनिटांनी डोळे मिटून बसतात, ते काय उगाच?' असं पुढचं शेपूट तिला त्यानेच लावलं.

घारबाई हे नाव आम्हीच दिलेलं. धुतलेल्या रिकाम्या बाटल्या पट्ट्यावरून सरकत यायच्या, मागे दिव्याचा पांढरा पडदा, समोर स्टुलावर या बाई. आत कण दिसला की बाटली उचलून खोक्यात. बाद! वीस मिनिटं बघायचं, मग पट्टा थांबवून पाच मिनिटं डोळ्यांना विश्रांती द्यायची, ही कारखान्याचीच शिस्त. आणि एका पाळीत पाच बाटल्या बाद झाल्या, की धुण्याचं यंत्र उघडून त्याचा एकेक ब्रश हाताने साफ करायचा. ते यंत्र माझ्याकडे. म्हणजे डोळे बाईंचे आणि कंबरडं माझं.

"बाई, घरीही एवढं निरखून बघता का?" मी चिडवायचो.

"म्हणून तर नवरा सरळ चालतो," त्या म्हणायच्या. "तुमच्या बायकोला पाठवा शिकायला."

त्या मंगळवारच्या थोडं आधी ब्रशचे केस अडकलेली एक बाटली तशीच भरली गेली, झाकण लागून बाहेर पडली आणि नेमकी मालकांच्या पाहुण्यांपुढे आली. बाईंची नोकरी गेली. बावीस वर्षांची.

आता कारखाना बंद पडून त्याचं संग्रहालय झालंय. जिथे आम्ही घाम गाळला, तिथे लोक तिकीट काढून फोटो काढतात. जुन्या कामगारांना एका रविवारी फुकट बोलावलं होतं. फुकट म्हटल्यावर मी गेलोच. पाहतो तर घारबाई! हातात काठी, बरोबर कॉलेजात जाणारी नात.

"अजून आहात?" मी म्हटलं.

"तुम्हाला पोचवल्याशिवाय कशी जाऊ?"

तांब्याच्या हंड्या पाहत आम्ही त्या पांढऱ्या पडद्यापाशी आलो. माहिती सांगणारा तरुण मोठा गोडबोल्या. "इथे एक बाई बसायच्या. नजर घारीची, पण घसा कायम ओला! एकदा अशा तर्र होत्या, की बाटलीतला अख्खा ब्रश दिसला नाही!"

सगळे हसले. जुन्या सवयीने मीही हसलो. नात कानापर्यंत लाल झाली. तिने आजीचा दंड धरला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझं हसू तोंडातच वाळलं.

तरुणाने पट्टा चालू केला. "वीस बाटल्या. एक खराब आहे. कोण ओळखतं?"

बाईंनी काठी नातीकडे दिली आणि सरकत्या पट्ट्यावरून दोन बाटल्या उचलल्या.

"आजी, खराब एकच आहे," तरुण म्हणाला.

"दुसरीचा तळ तडकलाय. जपून बोट फिरव, कापेल."

त्याने फिरवलं आणि झटकन मागे घेतलं. आता कुणी हसलं नाही.

"आजी," नात म्हणाली, "मग तेव्हा ती बाटली सुटली कशी? घरी सगळे अजून तेच बोलतात. बाबासुद्धा."

"या आजोबांना विचार. धुलाईला हे होते."

पोरगी माझ्याकडे बघत राहिली. अख्ख्या कारखान्याची लफडी तारीखवार सांगणारा मी. आणि म्हणालो काय, तर, "फार वर्षं झाली, बाळा. आठवत नाही."

"कमाल आहे," बाई म्हणाल्या. "यांना तर माझ्या लग्नात कोण रुसलं होतं तेही आठवतं." त्यांनी काठी घेतली आणि नातीच्या खांद्यावर हात ठेवून पुढच्या दालनात गेल्या. मी पडद्यासमोरच उभा राहिलो. मागून येणाऱ्यांना फोटो काढायचा होता, म्हणून बाजूला झालो.

नातीला द्यायचं उत्तर इथे लिहितो. बाईंनी ती बाटली बाद केली होती. त्या पाळीतली ती पाचवी होती. मला मेव्हण्याच्या लग्नाला वेळेवर पोचायचं होतं. बाई डोळे मिटून बसल्या असताना मी ती खोक्यातून काढली आणि पट्ट्यावर, त्यांनी तपासून पुढे सोडलेल्या बाटल्यांत, ठेवली. त्या कधीच पीत नव्हत्या. पितात असं पहिल्यांदा म्हणालो तो मी.