दिवेलागणीची हजेरी

मी संशयी आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. दूधवाल्याने नेहमीपेक्षा घट्ट दूध दिलं तरी मी विचारते, आज काय विशेष? त्यामुळे सुभद्राबाई रोज दिवेलागणीला माझ्या दारात येऊन उभी राहायला लागली, तेव्हा मला काही भरून वगैरे आलं नाही. मी आधी खिडकीतली पर्स उचलून कपाटात ठेवली.

ही चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. सुरत सोडून गावाकडे पळालेली माणसं तिथल्या आमच्या नवागाम वस्तीत परतली होती आणि त्यांच्यामागे काही नवीही आली होती. त्यातलीच ही सुभद्राबाई. नवरा सुकलाल उधन्याच्या एका कापड रंगवण्याच्या कारखान्यात ओल्या ताग्यांची गाडी ढकलायचा. आडनाव पवार, गाव नंदुरबारकडचं. आता पवार काय, पैशाला पासरी. पण आमच्या खोल्यांच्या ओळीत सगळी खानदेशातली. इथे माणूस राहायला आला की आठवड्याभरात त्याचा मामा कोण, साडू कुठला, हे निघतंच. यांचं कुणाशी काही निघेना. बरं, कोपऱ्यावरच्या गुजराती दुकानदाराशी ही बाई त्याच्या भाषेत घरच्यासारखी फडाफडा बोलायची आणि आमच्याशी बोलताना मात्र शब्द चाचपून टाकायची.

शिवाय तिचं काम. पहाटे गोणपाट खांद्यावर टाकून निघायची ती डिंडोलीच्या बाभळीतून, रेल्वेच्या कडेने, कुठे कुठे फिरून दुपारी यायची. गोणपाटात घोळ, तांदुळजा, पावसाळ्यात कर्टुली. कधी कामरेजकडे ऊस तुटला की दोनतीन दिवस गायब. त्या मोकळ्या रानात ती फासे लावायची, म्हणजे केसांच्या दोऱ्यांचे गळफास. परत आली की गोणपाटाच्या तळाशी काहीतरी फडफडत असायचं, लावे नाहीतर तितर. बायका तिच्याकडून कर्टुली घ्यायच्या, तीनतीनदा धुवायच्या, खायच्या, आणि जेवून उठल्यावर म्हणायच्या, ही आणते कुठून?

संध्याकाळी पदर डोक्यावर घेऊन ती दारात यायची. “बाई, आले मी. घरी हाये.” एवढं बोलायची आणि निघून जायची. बाहेरगावी जायचं असलं तरी तेच, “बाई, कामरेजला जातेय. परवा येईन.” आधी मला वाटलं उसनंपासनं हवं असेल. मग वाटलं शाळेत पोरीचं नाव घालायचं असेल, कारण मी पालिकेच्या मराठी शाळेत शिकवते. पण तिला पोर नव्हतं आणि तिने कधी चिमूटभर मीठसुद्धा मागितलं नाही. काही न मागणाऱ्या माणसाची मला जास्त भीती वाटते.

पलीकडच्या खोलीतल्या सरलाबाईला तर खात्रीच होती. ती मला तिच्या अहिराणीत म्हणाली, “म्याडम, तुमले समजत नही का? रोज येस, दारमा उभी ऱ्हास, घर देखी लेस अन चालनी जास. कोना घरमा काय शे, बठ्ठं देखी ठेवस ती.”

एका संध्याकाळी मी सुभद्राबाईला सरळ आत बोलावलं आणि विचारलं, “तू मला हे रोज कशाला सांगतेस?”

ती उंबऱ्याशीच बसली. आधी मागे वळून बघितलं, ओळीत कोणी आहे का ते. मग हळू आवाजात म्हणाली, “आम्ही पारधी, बाई.”

मग तिने सांगितलं ते असं. तिचे पणजे-आजे सातपुड्याच्या पायथ्याशी रानावर जगत. फाशात तितर, कड्यावरचा मध, कंद, डिंक. इंग्रज सरकारने रान आपल्या खात्यात घेतलं आणि यांना कायद्याने चोर ठरवलं. एखाद्याला नाही, अख्ख्या जातीला, पाळण्यातल्या मुलासकट. रोज दिवे लागले की पोलीस पाटलाकडे जाऊन हजेरी द्यायची. परगावी जायचं तर चिठ्ठी घ्यायची. नाही गेलं तर तुरुंग. देश स्वतंत्र झाला आणि कायदा गेला, पण पाटील होता तिथेच होता आणि चोरी झाली की पहिली लाथ पारध्याच्याच झोपडीला बसायची. म्हणून तिचा बाप कुणी न बोलावता आपणहून पाटलाकडे जात राहिला. मरेपर्यंत गेला.

“इथं पाटील नाय,” ती म्हणाली. “ओळीत नोकरीवाल्या तुम्हीच. चोरी झाली तर कोण तरी सांगनारं पायजे ना, सुभद्रा घरी होती म्हनून.” आणि मग हात जोडले. “जात कुनाला सांगू नका. नंदुरबारहून उठवलं, उधन्याहून उठवलं. ही खोली टिकली पायजे.”

मी शब्द दिला. तरी ती गेल्यावर मनात आलंच, की ही खरं सांगते की मला बांधून ठेवते? पर्स मी कपाटातच ठेवत राहिले. पण जात कुणाला सांगितली नाही. सरलाबाईने खोदून खोदून विचारलं तरीही.

माघात सरलाबाई आणि तिचा नवरा लग्नाला दोंडाईच्याला गेले. गाडीत चोर असतात म्हणून ती गळ्यात खोटी पोत घालून गेली. परत आली आणि पेटी उघडून जी किंचाळली, ती सगळी ओळ गोळा झाली. सासूची सोन्याची पोत पेटीत नव्हती. कोणी कोणाचं नाव घेतलं नाही. सगळ्यांनी फक्त सुभद्राबाईच्या दाराकडे पाहिलं.

चौकीतून जमादार आला. उंच, शांत, वयस्क माणूस, बोलणं अर्धं हिंदी अर्धं गुजराती. सुभद्राबाई भिंतीला टेकून उभी होती आणि नुसती माझ्याकडे बघत होती. मला राग आला होता, सरलाबाईचा, त्या गर्दीचा. मी पुढे झाले आणि ठणकावून सांगितलं, “ही बाई कुठे गेली नव्हती. रोज संध्याकाळी माझ्या दारात येऊन सांगते, मी घरी आहे. हे लोक गावाला होते त्या सगळ्या दिवसांतसुद्धा आली. मी साक्षीदार आहे.”

जमादाराने वही मिटली. माझ्याकडे कौतुकाने पाहिल्यासारखं केलं. “रोज? किसीने बुलाया नहीं तो भी?”

“हो. रोज.”

“बेन, भला माणस साक्षी तैयार करके नहीं रखता.” मग तो सुभद्राबाईकडे वळला. “दिया लगने के टैम पे हाजरी. तेरा बाप भी देता था ने? पारधी छे तू.”

गर्दीतून ‘पारधी’ हा शब्द एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेला. सुभद्राबाईने माझ्यावरची नजर काढून घेतली.

सुकलालला कारखान्यातूनच उचललं. दोन दिवसांनी सोडलं तेव्हा तो एक पाय ओढत आला. घरमालक खोली खाली करा म्हणाला. जमादाराने तोड काढली. दोघांनी रोज संध्याकाळी चौकीत हजेरी द्यायची, मग राहू दे. घरमालक कबूल झाला.

आठवड्याने पोत सापडली. उडदाच्या डब्यात. सुभद्राबाईच्या रोजच्या फेऱ्यांना घाबरून सरलाबाईनेच गावाला जाताना ती पेटीतून काढून तिथे खुपसली होती आणि लग्नाच्या घाईत विसरली होती. ती रडली, पोत गळ्यात घातली, ओळीत पेढे वाटले. सुभद्राबाईच्या दारात मात्र गेली नाही. मी झापलं तर म्हणाली, “आते पोत सापडनी ते खरं शे. पन पारधी तर शेच ना ती?”

आणि हजेरी चालूच राहिली. दिवे लागले की दोघं नवरा-बायको चौकीकडे निघायची, तो पाय ओढत पुढे, ती मागे. मला ते बघवेना. शाळेत मी मुलांना शिकवते की इंग्रज गेले. शेवटी मी चौकीत गेले आणि जमादाराशी भांडले. हा कुठला कायदा, दाखवा म्हटलं. तो हसला. कायदा काही नाही, म्हणाला, त्यांना नको असेल तर उद्यापासून येऊ नका म्हणावं.

मी तशीच तिच्या खोलीवर गेले. ती गोणपाट झटकत होती. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, “उद्यापासून चौकीत जायचं नाही. बंद झालं ते.”

ती घाबरली. “बंद नका करू, बाई.”

“अगं, चोरी झालीच नव्हती! कशाला जायचं?”

“फुडच्या टायमाला होईल ना. तवा मी कुठं होते, ते कोन सांगंल?”

“मी सांगेन!”

तिने गोणपाटाची नीट घडी घातली. आवाजात राग नव्हता.

“मागच्या टायमाला तुम्हीच सांगितलं, बाई.”