गोड्या पाण्यात न घातलेला दगड

भावजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, पुढच्या खोलीत खाऱ्या पाण्याची काचेची टाकी ठेवली आहे. ते रोज लांज्याला कामाला जातात, म्हणून दिवसभर तिची देखभाल माझ्याकडे. तीत एक मऊ पोवळं होतं. बोटभर, फिकट गुलाबी. तान्ह्या बाळाने मुठी उघडाव्यात, मिटाव्यात तसं सारखं हलायचं. मला ते फार आवडायचं. पण ते पसरत गेलं. एकेक दगड झाकत भावजींनी जपलेल्या कडक पोवळ्यावर चढलं, आणि खालचं ते पांढरं पडून मेलं.

एका सकाळी भावजींनी त्या मऊ पोवळ्याने सगळ्यात भरलेला दगड काढून खाऱ्या पाण्याच्या बादलीत ठेवला. "वहिनी, यातलं खारं पाणी ओता नि नळाचं गोडं भरा. संध्याकाळपर्यंत मरेल. मग उन्हात टाका."

"बरं," म्हटलं.

मी रोज बांगडे साफ करते, माझा हात कधी थांबत नाही. पण बादलीत बघितलं तर त्या मुठी उघडत होत्या. देवाचं निर्माल्य समुद्रात सोडायचंच होतं. त्याच्याबरोबर दगडही नेला आणि मांडवीच्या किनाऱ्यावर खडपात, म्हणजे तिथल्या खडकांत, ओहोटीलाही पाणी राहतं अशा खळग्यात सोडला. घरी येताना बरं वाटलं.

संध्याकाळी भावजींनी विचारलं, "मेलं?"

मी "हो" म्हणून मान हलवली.

महिन्याभराने ते मित्राला फोनवर सांगत होते, "समुद्रात नको टाकू हां. ते आपल्याकडचं नाही. रुजलं तर खडप झाकून टाकील, मग कालवं चिकटायची कुठे?" मी आत भाकरी थापत होते. आमची शेजारीण त्याच खडपाला चिकटलेले शिंपले फोडून त्यातली कालवं विकते. तिचं घर त्यावर चालतं.

चार दिवस मला धड जेवण गेलं नाही. पाचव्या दिवशी भावजींना चहा देताना सांगून टाकलं.

"आमटी खारट झाली तरी कधी कबूल केलं नाहीत, वहिनी," ते हसले. मग हसू गेलं. "कुठल्या बाजूला सोडलात?"

रविवारी ओहोटीला दोघं गेलो. एकेका खळग्यात वाकून बघितलं. दगड कुठेच नव्हता.

"लाटेने नेला असेल. मेलंही असेल," भावजी म्हणाले.

जे माझ्याने मारवलं नाही, ते मेलेलंच असू दे, असं मी मनात म्हणत होते.

पलीकडे शेजारीण कालवं फोडत होती. "काय हरवलंय गो?"

"काही नाही," मी म्हटलं.

निघताना तिने वाटीभर कालवं बळेच माझ्या हातात दिली. मला नको म्हणता आलं नाही.