मुकादम म्हणतो

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. दाराआडच्या खिळ्याला आपण पिशव्या अडकवत जातो ना, तसं होतं. एकीत दुसरी, दुसरीत तिसरी, फेकवत एकही नाही. मग एक दिवस दारच लागेनासं होतं. माझं तसं झालंय. त्यात आमच्या आणि शेजारच्या आबांच्या अंगणात एकच भिंत, तीही कंबरेएवढी. मी काही ऐकायला म्हणून जात नाही. भांडी घासायचा दगडच भिंतीला लागून आहे, त्याला मी काय करू!

आमच्या न्हावऱ्यात मोबाईल दोघा-चौघांकडंच होते, तेव्हाच्या ह्या गोष्टी. आबांचा उभा जन्म मेंढरांमागं गेला. दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात, पावसाच्या तोंडावर परत. पुढं कॅनॉलचं पाणी आलं, माळावर ऊस उभा राहिला, चरायला जागा उरली नाही. आबांच्या मुलानं, दत्तूभाऊनं, कंपनीत नोकरी धरली आणि मेंढरं विकून टाकली. राहिला एकटा बोकड. त्याचं नाव मुकादम.

मेंढरू स्वतःच्या डोक्यानं चालत नाही, पुढच्याच्या मागं चालतं. म्हणून कळपाच्या पुढं एक शहाणा बोकड ठेवतात. मुकादमानं चौदा वर्षं ते काम केलं. एक शिंग अर्धं तुटलेलं, दाढी पिवळी पडलेली, गुडघ्यांना घट्टे. तो लिंबाखाली बसायचा, आबा बाजेवर. दोघं एकाच दिशेला बघायचे. बोलायचं दोघांनीही जवळजवळ सोडलं होतं.

*

आबांचा नातू सचिन पुण्याला इंजिनिअरिंगला. चैत्रात अभ्यासाची सुट्टी घेऊन घरी आला आणि येताना हॉस्टेलवरून एक खेळ घेऊन आला. झेरॉक्सचा जाड गठ्ठा आणि वीस बाजूंचे फासे. संध्याकाळी लाईट गेली की आमचा गणेश आणि वरच्या आळीतली दोघं ओट्यावर कंदील लावून बसायची. मला वाटलं, जुगार! सचिनची आई सुनंदा माझी मैत्रीण, तिच्या कानावर घालणं माझं कर्तव्यच होतं.

सुनंदानं फासे जप्त केले. सचिन म्हणाला, "मम्मी, यात पैसे नसतात. प्रत्येकानं एक माणूस व्हायचं आणि गोष्टीत फिरायचं. कोण योद्धा, कोण मांत्रिक. ताकद किती, अक्कल किती, ते कागदावर लिहिलेलं असतं."

मी भिंतीवरून आमच्या गणेशचा कागद मागून घेतला. बारावीला दोनदा बसलेल्या माझ्या लेकानं वीसपैकी अक्कल लिहिली होती अठरा.

जुगार परवडला असता.

*

सुनंदानं फासे परत दिले आणि खेळ पुन्हा सुरू झाला. त्या खेळात एक म्हातारं, शहाणं जनावर लागायचं. संकटात सापडलं की त्याच्याकडं जाऊन विचारायचं. सचिनच्या पुस्तकात त्या जागी घुबड होतं.

बाजेवरून आबा म्हणाले, "घुबडाला इचारायला जाताय? मग परत कशाला येताय?"

पोरं हसली, पण घुबड गेलं. वाघ नको, तो आधी खाईल. हत्ती कुणी पाहिला नव्हता. शेवटी गणेश लिंबाखाली बघून म्हणाला, मुकादम हाय की. सचिननं कागद घेतला. नाव, मुकादम. ताकद, तीन. अक्कल, एकोणीस.

"चालनं कुठं लिहिलंस?" आबांनी विचारलं.

"चालण्याचं पुस्तकात नसतं, आबा."

"मग पुस्तकवाल्यानं कवा मेंढरं राखली न्हाईत."

सचिननं पेन काढून नवीन रकाना आखला. चालणं, वीस.

*

मुकादमाचं बोलणं आधी सचिनच बोलायचा. टीव्हीवरच्या साधूसारखा आवाज काढून, "हे बालकांनो" वगैरे. दोन संध्याकाळी आबांनी ते सोसलं.

तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मुकादम असा बोलत न्हाई."

"मग कसा बोलतो?"

"बोलतच न्हाई. बघतो. आन् लईच मागं लागलं, तर एवढंसं बोलतो."

मग तुम्हीच बोला, म्हणून पोरं मागं लागली. आबा नको नको म्हणत होते, पण बाजेवरून उठलेही नाहीत. बोकडाचं सोंग घ्यायची लाज वाटायची म्हणून दरवेळी आधी म्हणायचे, "मुकादम म्हणतो." पहिल्याच दिवशी योद्धे नदीकाठी पोचले आणि त्यांनी विचारलं, कुठून उतरू?

आबांनी विचारलं, संगट कितीजण, लंगडं कोण, सकाळपासनं पाणी कुणी पिलं न्हाई. मग बराच वेळ लिंबाकडं बघून म्हणाले, "मुकादम म्हणतो, आज बसा."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्याही. तीन संध्याकाळी चार पोरं कागद पुढं घेऊन नुसती बसून होती. आमचा गणेश तापला. "आबा, आम्ही योद्धे हाय!"

"योद्ध्यांचं पाय दुखत न्हाईत व्हय?"

चौथ्या दिवशी हो म्हणाले. पोरं नदी उतरून सुखरूप पार. सचिन मात्र गठ्ठ्यातला एक कागद काढून त्याच्याकडं बघत राहिला. उतरणाऱ्याला गाठायला त्यानं पूर लिहून ठेवला होता, दोन पानं भरून. तीन दिवसांत तो ओसरून गेला.

*

आता ज्याच्यासाठी हे सगळं सांगायला बसले ती गोष्ट.

सचिनचा गणिताचा पेपर दोनदा राहिला होता. दत्तूभाऊ माळावरच्या बिरोबाला नवस बोलला: पोरगा सुटू दे, घरच्या कळपातलं एक जनावर देईन. त्यांच्यात बापजाद्यांपासून असंच बोलतात. तोंडाला बसलेलं वाक्य. खेळ चालू असतानाच मागच्या परीक्षेचा निकाल लागला, सचिन सुटला. सगळ्यांना पेढे वाटून झाले आणि मग दत्तूभाऊच्या ध्यानात आलं, की घरचा कळप म्हणजे आता एकटा मुकादम.

सुनंदा म्हणाली, बाजारातून एक आणू. दत्तूभाऊ म्हणाला, देवाला घरचं म्हणालोय. दगडाच्या काळजाचा नव्हता तो. रात्रपाळी करून यायचा, अंघोळ करून मुकादमाला पाला टाकायचा आणि त्याच्याकडं न बघता आत जायचा. पण पोराच्या नावाचा नवस फिरवायची छाती कुणाची असते?

सगळ्यांना वाटत होतं, आबा एक शब्द बोलतील. आबांनी नाही म्हटलं असतं तर दत्तूभाऊ सुटला असता. मी भिंतीवरून मुद्दाम विषय काढला. आबा म्हणाले, "कमल, जलमभर मीच सांगितलं. कुठं उतरायचं, कवा निघायचं, कुठलं आजारी जनावर मागं ठिवायचं. आता ज्यानं नवस केला त्यानं बघावं. मी दमलो."

जत्रेला बारा दिवस होते.

*

मध्येच माझं स्वतःचं एक.

माझ्या लेकीला, मंगलला, केडगावकडून स्थळ आलं होतं. बागायत, पक्कं घर, मुलगा सरळ. आमच्या भावकीतली सगळी हो म्हणत होती आणि मला झोप लागत नव्हती. आबांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, तुमचं तुम्ही बघा. म्हणून खेळ रंगात आला असताना मीच भिंतीवरून म्हणाले, "मला मुकादमाला विचारायचंय."

पोरं बाजूला सरकली. आबांनी विचारलं, "बघायला गेलता तवा पाणी कुणी दिलं?"

"मुलाच्या आईनं."

"चहा?"

"तिनंच."

"कपबश्या कुणी उचलल्या?"

मी जरा आठवलं. "तिनंच."

आबांनी रवंथ करणाऱ्या बोकडाकडं बघितलं. मग म्हणाले, "मुकादम म्हणतो, त्या घरात एकच माणूस उठतं. ते दमलं, म्हणून दुसरं बघत्यात."

मी नकार कळवला. आमचे हे आठ दिवस धुमसत होते. "बोकडाच्या सांगण्यावरून स्थळ मोडलं!" म्हटलं, माणसांना आधी विचारलंच होतं. त्यांच्यातल्या एकालाही कपबश्या दिसल्या नव्हत्या.

*

जत्रा तीन दिवसांवर आली आणि खेळही शेवटाला आला. सगळे पोचले एका दारापाशी. पलीकडं खजिना, दारावर राक्षस. राक्षस म्हणाला, तुमच्या बरोबरचं शहाणं जनावर मला द्या आणि जा.

सचिन हे खाली मान घालून वाचत होता. पुस्तकात तसंच होतं, त्याचा दोष नव्हता. पण ओट्यावर कुणी हललं नाही. दत्तूभाऊ पायरीवर चहाचा कप घेऊन बसला होता, तोही हलला नाही. माझ्या हातातलं पातेलं तीनदा घासून झालं होतं, मी चौथ्यांदा घ्यायला लागले.

शेवटी आमचा गणेशच म्हणाला, "मुकादम, तुम्हीच सांगा. काय करू?"

आबांनी ह्या वेळी "मुकादम म्हणतो" म्हटलं नाही.

"पोरांनो, सगळ्या वाटा मलाच इचारल्या. पाण्याची इचारली, घाटाची इचारली. आता मला द्यायचं का न्हाई, ह्ये बी मीच सांगू? एवढी एक वाट तुमची तुम्ही बघा."

गणेशनं फासा हातात घेतला आणि परत खाली ठेवला. म्हणाला, "खजिना नको. मागं फिरायचं."

"तीन आठवडे गेलेत त्याच्यात," वरच्या आळीतला एक म्हणाला.

"जाऊ दे."

अठरा अक्कल लिहिली होती त्यानं. त्या दिवसानंतर मी त्याला त्यावरून कधी चिडवलं नाही. दत्तूभाऊ कप तसाच ठेवून आत गेला. चहा निम्मा होता.

*

जत्रेच्या दिवशी सकाळी आबांनी स्वतः खुंटीवरची दोरी काढून दत्तूभाऊच्या हातात दिली. मुकादमाच्या पाठीवरून एकदा हात फिरवला. येताय का म्हणून विचारलं तर म्हणाले, गुडघं. आणि बाजेवर भिंतीकडं तोंड करून बसले. टेंपोत दत्तूभाऊ, सुनंदा, मी माझी नैवेद्याची पाटी घेऊन, आणि मध्ये मुकादम. सचिन आलाच नाही.

देऊळ गावापासून जेमतेम दीड कोस, माळाच्या टेंगळावर. गाड्या पायथ्याशी थांबतात. तिथं एका व्यापाऱ्यानं ट्रकचं फळकं पाडून तीसेक मेंढरं उतरवली होती, जत्रेत विकायला. ढोलांचा आवाज, माणसांची गर्दी; मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली तोंडं खुपसून उभी. व्यापारी शिट्ट्या मारून, काठी आपटून दमला, एक पाऊल टाकेनात.

आमच्या टेंपोतून मुकादम उतरला. जरा उभा राहिला. वर देवळाकडं बघितलं, मग मेंढरांकडं. तो बघतो ते तुम्हाला सांगितलंच आहे.

आणि वळून गावाच्या रस्त्याला लागला.

दत्तूभाऊनं दोरी ओढली. पण चौदा वर्षं ज्यानं कळप ओढला त्याला एक माणूस काय जड! दहा पावलं गेला असेल, मेंढरांतलं एक मुंडकं वर आलं. मग दुसरं. मग सगळी. बघता बघता तीस मेंढरं त्याच्या मागं, आजूबाजूला, आणि मध्ये दत्तूभाऊ दोरी धरून. सोडावी तर नवसाचं जनावर सुटतं, थांबावं तर मेंढरं ढकलतात. व्यापारी ओरडत आमच्या टेंपोत चढला. ड्रायव्हरनं सारखा हॉर्न वाजवला, पण रस्ता मिळेना. दीड कोस आम्ही त्या कळपाच्या मागून चालीनं आलो. वाटेत लोक बाजूला होऊन उभे राहत होते. एका म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी नीट केली.

मुकादम सरळ अंगणात शिरला, आपल्या लिंबाखाली गेला आणि गुडघे मोडून बसला. मेंढरं त्याच्या भोवती बसली. आबा कधी वळून बसले होते कोण जाणे. ओठ हलत होते, मोजत होते बहुतेक.

मी पाटी घेऊन धावत भिंत गाठली.

दत्तूभाऊ घामानं निथळत आबांसमोर उभा होता. "आबा, मी न्हेत होतो. ह्योच घिऊन आला." मग मेंढरांकडं बघितलं. "देवाला कळपातलं एक म्हणालो होतो. आता ह्ये... आबा, आता नवसाचं काय करू?"

तेवढ्यात व्यापारीही टेंपोतून उतरून आत आला आणि तोही आबांच्या तोंडाकडं बघत उभा राहिला.

आबांनी घाई केली नाही. लिंबाकडं बघत राहिले. मग म्हणाले,

"मुकादम म्हणतो, आज बसा."

दत्तूभाऊ दोरी तशीच हातात धरून पायरीवर बसला. त्याच्या शेजारी व्यापारीही बसला.