खुशालराव मिस्त्रींनी वळवलेली विजेची लाइन

खरं सांगते, हे मी लिहिणारच नव्हते. कारण मिस्त्रींविरुद्धचा तो अर्ज इथं राजापेठेतल्या टायपिंग क्लासात मीच टाइप केला होता. माझे वामनमामा अकोल्याकडून तेवढ्यासाठी आले, ते सांगत गेले आणि मी वीस मिनिटांत तीन पानं बडवून मोकळी. खरं का खोटं, एकदाही विचारलं नाही.

खुशालराव मामांच्या भागाचे आमदार, पण गावात त्यांना अजून मिस्त्रीच म्हणतात. अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये पंधरा वर्षं ते इंजिन सांभाळायचे. ऐन कपाशीच्या हंगामात इंजिन बंद पडलं की मालकापासून हमालापर्यंत सगळे ओरडायचे आणि हे आपले कान लावून बसायचे. इंजिन सुरू झालं की हात पुसून घरी. काय बिघडलं होतं ते कुणाला सांगणं नाही. बासष्ट साली निवडून आले तरी सवय काही गेली नाही.

त्या न सांगण्याच्या सवयीनंच घात केला. पासष्ट साली मामांच्या गावाला वीज मंजूर झाली. ओव्हरसियरनं नकाशावर सरळ रेघ मारली, मामांच्या वावरातून. मिस्त्री सब्बल, म्हणजे पहार, घेऊन ती रेघ पायी चालले, जागोजागी सब्बल ठोकून पाहिली, आणि दुसऱ्या दिवशी कारण न सांगता लाइन बरडावरून, म्हणजे उंच मुरमाड जमिनीवरून वळवायला लावली. अकरा खांब जास्त. आणि बरडावर विहीर कुणाची? नत्थुजींची, मिस्त्रींच्या सख्ख्या साळ्याची. लाइन तिथवर पोचली, नत्थुजींचा पंप सुरू झाला, आणि गावात अजून कंदीलच.

मग काय. अर्जावर चाळीस सह्या पडल्या, पेपरात आलं, चौकशी लागली. खात्यानं ते काम थांबवलं आणि उन्हाळ्यात जुन्या नकाशाप्रमाणं मामांच्या वावरात चार खांब उभे केले. पक्षाकडून निरोप आला, चौकशीत डाग निघाला तर सदुसष्टचं तिकीट विसरा.

मिस्त्रींच्या पत्नी वच्छलाबाई म्हणायच्या, "अवो, आतातरी तोंड उघडा. लोकं चोर म्हणून राहिले तुमाले."

"चौकशीचा साहेब येऊ दे. तो पाहीन अन् समजंन त्याले."

श्रावणात चौकशीचे इंजिनिअर आले, पुण्याकडचे. मी मामांकडेच होते. जीप चिखलात रुतली, सगळे चपला हातात घेऊन वावरात. चारातले तीन खांब कललेले.

मामा म्हणाले, "ठेकेदारानं गड्डे उथळ खोदले, साहेब. मिस्त्रीनंच सांगतलं असंन त्याले."

मिस्त्रींनी ना कागद काढला ना नकाशा. म्हणाले, "वामनराव, तुमचा गोठा कुठी हाय?"

"बरडावर. तुले मालूम नाई का?"

"वावर तं इथं हाय. मंग गोठा एवढ्या दूर काहून बांधला?"

"येडा हायेस काय? काळीत भिंत टिकते का? पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईन एवढ्या भेगा..."

मामा तिथंच थांबले. मागून कुणीतरी म्हणालं, "बोला ना वामनराव, थांबले काहून?" सगळे हसले, साहेबसुद्धा. काळ्या मातीत घर बांधू नये हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण खांब तर सरकारी, त्याला माती काय करणार, असं सगळ्यांना वाटलेलं. मलाही.

साहेबांनी विचारलं, "आमदारसाहेब, हे आधीच का नाही सांगितलंत?"

"मले वाटलं सगळ्याइले मालूम हाय."

महिन्यानं अहवाल आला. दोष नाही, लाइन बरडावरूनच न्यावी. साळ्याचा पंप गावाआधी सुरू करायला नको होता, एवढा एक ताशेरा होता, तो मिस्त्रींनी मान्य केला. तिकीट वाचलं. त्या दिवशी वच्छलाबाई दुपारी जरा पडल्या त्या दिवेलागणीलाच उठल्या. कित्येक महिने त्यांना धड झोप नव्हती.

मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू. गेल्या रविवारी मिस्त्रींकडे जाऊन सांगूनच टाकलं, "काका, तो अर्ज मी टाइप केला होता."

ते स्टोव्ह साफ करत होते. म्हणाले, "चांगला केलता. एकबी चूक नोती."

पण ओसरी रिकामी होती. पूर्वी रविवारी तिथं बंद पडलेले रेडिओ, घड्याळं दुरुस्तीला घेऊन माणसं बसलेली असायची. सह्या करणारे आता लाजेनं फिरकत नाहीत, वर म्हणतात मिस्त्री रागावले. ते रागावलेले नाहीत. पण स्वतः होऊन बोलावणारही नाहीत. तुमच्या घरचं कुणी त्या चाळिसांत असेल, तर दिवाळीच्या सुटीत त्यांना घेऊन मिस्त्रींना भेटून या. फार दिवस लावू नका. मामांना मी नेतेच आहे.