सगळ्यांची रेजिनाबाय

रेजिना गेल्याचं मला सलीमने फोनवर सांगितलं. सलीम म्हणजे आमच्या कारखान्यात चष्म्याच्या फ्रेमना पॉलिश करणारा. आता नालासोपाऱ्यात त्याचं स्वतःचं चष्म्याचं दुकान आहे. "दीदी, रेजिनाबाय गेली... आज सकाळी," एवढंच तो बोलला. मी रिसीव्हर तसाच कानाला धरून उभी राहिले. लोक अशा वेळी मटकन बसतात, रडतात. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की याला कुणी कळवलं? तिच्या पापडीच्या घरून नालासोपाऱ्याला फोन गेला, आणि वसईतच राहणाऱ्या मला... मग रडू आलं. पण आधी ते आलं, आणि रेजिनावर लिहायचं तर मला तिथूनच सुरुवात करायला हवी. गेल्या महिनाभरात जो भेटला तो तिच्या मायेबद्दल बोलला. मी तिचा हेवा केला. वर्षानुवर्षं, अगदी मन लावून केला. आणि मला वाटतं, हेवा करणाऱ्याइतकं बारकाईने माणसाला दुसरं कुणी पाहत नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही परळची भाड्याची खोली सोडून वसईत फ्लॅट घेतला. नवरा रोज मुंबईला जायचा. माझं माहेर साताऱ्याकडचं, बी.कॉम. झालेली, लग्नाआधी थोडी नोकरी केलेली. घरापासून जवळ म्हणून वालीवच्या एका चष्म्याच्या फ्रेमच्या कारखान्यात लागले. पत्र्याचं छप्पर, आत पॉलिशच्या फिरत्या पिंपांची घरघर, आणि मधल्या दालनात दोन लांब टेबलं. एका टेबलावर फ्रेमला बिजागऱ्या आणि काड्या बसवायच्या. ते माझ्याकडे आलं. दुसऱ्यावर तपासणी आणि पॅकिंग. ते रेजिनाकडे होतं. रेजिना पापडीची, केळीच्या वाडीतल्या घरातली, दहावी झालेली, माझ्यापेक्षा तीनेक वर्षांनी मोठी. लग्न केलेलं नव्हतं, भावाकडे राहायची. अंगाने आडवी, आवाज असा की पिंपं चालू असतानाही ऐकू यायचा. पहिल्या दिवशी तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "मॅडम, ही साडी इथे टिकायची नाही." साडी टिकली नाही. मला तेवढाही तिचा शब्द खरा व्हायला नको होता.

माझ्या टेबलावर आजूबाजूच्या बिल्डिंगमधल्या बायका होत्या. सगळ्या मराठी, बहुतेक कोकणातल्या नाहीतर घाटावरच्या, नवरे नोकरीला, मुलं शाळेत. मला 'विद्याताई' म्हणायच्या. आम्ही खाली मान घालून काम करायचो आणि मॅनेजर देसाईसाहेब येता-जाता म्हणायचे, "विद्याबाईंच्या टेबलावर टाचणी पडली तर ऐकू येईल." मला त्याचा अभिमान होता. रेजिनाच्या टेबलावर मात्र बाजार भरलेला. चांदीप गावची पार्वती, तिच्याकडे घरची भातशेती, ती पाण्याला 'पानी' म्हणायची. जौनपूरकडचा रामआसरे, पॉलिशवरून येऊन-जाऊन असणारा सलीम, आणि बाकीचे कुठकुठले. एक बोलायला लागला की दुसरा त्याचं मराठी करून सांगायचा, तिसरा ते चुकलं म्हणायचा, आणि सगळे हसायचे. कशावर हसले ते आमच्यापर्यंत पोचायचं नाही. मी कितीदा तरी फ्रेम हातात धरून नुसती कान देऊन बसलेली असे.

रामआसरे खरं तर आधी माझ्या टेबलाला दिला होता, सामान उचलायला. एकदा परदेशी जायच्या मालाचे ट्रे आम्ही दिवसभर खपून रंग आणि मापाप्रमाणे लावले होते. मी त्याला म्हटलं, "ते ट्रे खाली ठेव." मला म्हणायचं होतं जमिनीवर ठेव. मी चहा घेऊन परत आले तर एकूण एक ट्रे रिकामे, आणि सगळ्या फ्रेमचा एका मोठ्या खोक्यात ढीग. हे काय, मी विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "आप ही तो बोलीं, खाली रखो." चूक त्याची नव्हती, माझीही नव्हती. पण माल दुसऱ्या दिवशी जायचा होता. रेजिना आली, तिला काय झालं ते कळलं आणि ती पोट धरून हसायला लागली. मग तिने आपलं टेबल थांबवलं आणि सगळ्यांना आमच्याकडे आणून बसवलं. संध्याकाळी उशिरापर्यंत आम्ही पुन्हा रंगाप्रमाणे फ्रेम लावत होतो. त्या एका दिवशी आमच्या टेबलावर पहिल्यांदा आवाज झाला. निघताना ती मला म्हणाली, "विद्या, तुझं मराठी फार शुद्ध आहे गं. इथे जरा मळकं बोलावं लागतं." आणि दुसऱ्या दिवशी रामआसरे देसाईसाहेबांकडे जाऊन सांगून आला, मला रेजिनाबायच्या टेबलावर द्या. साहेबांनी दिलं. माझी परवानगी विचारली, मी हो म्हटलं. काय म्हणणार?

सणांचंही तसंच. माल थांबायचा नाही आणि मालकांना कारखाना बंद ठेवायचा नसायचा. गणपतीत माझं टेबल ओस पडायचं, कारण आमचे सगळ्यांचे गणपती एकाच दिवशी बसायचे. मी बायकांना नाही म्हणू शकत नव्हते आणि साहेबांनाही. रेजिनाकडे मात्र गणपतीला ती आणि सलीम काम ओढायचे, ईदेला पार्वती, नाताळला रामआसरे, छटपूजेला उरलेले सगळे. हे कधी कुठे ठरलेलं नव्हतं. ती नुसती ओरडायची, "ए सलीम, तुझा चांद कधी आहे ते आत्ता सांग, ऐन वेळी नको!" वर्षभर तिचं टेबल कधी बंद पडलं नाही. मालकांनी ते पाहिलंच. दालनाचा सुपरवायझर नेमायची वेळ आली तेव्हा मला वाटलं होतं, मी पदवीधर, माझं काम नीटनेटकं, माझ्याबद्दल तक्रार नाही... रेजिनाला केलं. देसाईसाहेब मला समजावत म्हणाले, "विद्याबाई, तुमचं टेबल कुणीही सांभाळेल, तिचं दुसऱ्या कुणाला जमणार नाही." त्यांना वाटलं असेल, आपण काहीतरी दिलासा देतोय. घरी जाऊन मी भाकरी थापताना इतका जोर लावला की परातीचा आवाज ऐकून शेजारीण डोकावली.

ती साधुसंत नव्हती, हेही लिहिलं पाहिजे, कारण हल्ली तिच्याबद्दल तसं बोलतात. तिची जीभ धारदार होती. मर्जीतल्या माणसाची चूक ती पोटात घालायची, नावडत्याची चारचौघांत काढायची. आणि एकदा तिचं सगळं टेबल तिच्या हातून निसटलं होतं. झालं असं की नव्याने लागलेल्यांपैकी काहींनी सुक्या बोंबलाच्या वासाची तक्रार केली आणि जेवणाच्या खोलीत पाटी लागली, मासे आणू नयेत. पार्वतीच्या डब्यात भाकरी आणि बोंबील सोडून दुसरं काय असणार? ती डबा घेऊन उठली आणि बाहेर कंपाउंडच्या भिंतीशी उन्हात बसून जेवली. रेजिनाने ते पाहिलं आणि तिचा पारा चढला. खोलीत शाकाहारी रामआसरे पाठ करून जेवत होता, त्याच्यावरच ती घसरली.

"तूच सांगितलंस ना साहेबांना?"

"बोर्ड हमने नहीं लगाया, बाय," तो म्हणाला. "लेकिन बास तो आती है. झूठ काहे बोलें?"

"मग उद्यापासून नाक घरी ठेवून ये!"

सगळे हसले. रामआसरेने डबा बंद केला आणि उठून गेला. त्यानंतर तो तिच्याशी बोलेना. मग टेबलावर माणसं आपापल्या माणसांजवळ सरकायला लागली. चांदीपकडच्या एका टोकाला, उत्तरेकडचे दुसऱ्या, सलीम कुठेच नाही. कुणी कुणाला माप ओरडून सांगेना, त्यामुळे पॅकिंगमध्ये चुका व्हायला लागल्या, आणि एक मोठा माल दिल्लीहून परत आला. माणसं नाना तऱ्हेची असली की काम फुलतं हे मी त्या टेबलावर पाहिलं होतं. ती एका डब्यावरून कशी तुटतात तेही तिथेच पाहिलं. मी मासे खाणारी, माझ्या टेबलावरच्या निम्म्या बायका खाणाऱ्या. पण त्या सगळ्या दिवसांत मला कुणी विचारलं नाही, विद्याताई, तुमचं काय म्हणणं आहे? लोक भांडायलासुद्धा तिच्याकडेच जायचे.

शेवटी तिने साहेबांना सांगितलं, पाटी काढा, नाहीतर उद्यापासून मीही भिंतीशी बसते. पाटी निघाली. खोलीत दारापाशी एक टेबल मासेवाल्यांना, आतल्या बाजूला एक शाकाहाऱ्यांना, असं झालं. आणि रेजिना कच्च्या केळ्याची भाजी घेऊन सरळ रामआसरेसमोर जाऊन बसली. "आज मासे नाहीत. आता भांड माझ्याशी." मग त्याने तिच्या डब्यातली भाजी चाखली आणि म्हणाला, "नमक कम है." तेवढ्याने मिटलं. पण पूर्ण मिटलं असंही नाही. "बाय आता तिकडची झाली," असं पार्वती दारापाशी म्हणाली, ते मी ऐकलं. तेव्हापासून रेजिना एक दिवस इकडे, एक दिवस तिकडे बसू लागली, आणि ती कुठे बसते याकडे साऱ्या कारखान्याचे डोळे लागलेले असायचे. माझ्या शेजारी मात्र ती कधी बसली नाही. माझ्याकडे मिटवण्यासारखं काहीच नव्हतं.

पुढे स्वस्त परदेशी फ्रेम यायला लागल्या आणि कारखाना बंद झाला. माणसं पांगली. रेजिनाची किडनी गेली, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जावं लागायचं. मी पापडीला तिला भेटायला जायचे. दर वेळी ठरवून जायचे की आज दोघीच बोलू, आणि दर वेळी तिच्याजवळ कुणीतरी आधीच बसलेलं असायचं. कधी पार्वती तांदूळ घेऊन आलेली, कधी सलीमची बायको. शेवटच्या भेटीत मात्र दुपारचं घर शांत होतं. ती बरीच वाळली होती. आवाज तेवढा तसाच. बोलता बोलता मी हसतच म्हटलं, "तुला ठाऊक नसेल, पण मला तुझा फार हेवा वाटायचा."

"ठाऊक नसेल?" ती म्हणाली. "अगं, तू बघायचीस ना, पाठीला भोक पडायचं माझ्या." मग म्हणाली, "मला तुझा राग यायचा, विद्या. पाच वाजले की पर्स उचलून तू घरी. माझ्यासोबत हे सगळे घरी यायचे. रामआसरे काय बोलला, पार्वतीला काय लागलं, सलीमला कुणी टोमणा मारला... रविवारी चर्चमध्ये मिस्साला बसले तरी डोक्यात ह्यांचीच भांडणं. फादर काय सांगतात ते ऐकूच यायचं नाही. मला वाटायचं, एक दिवस तुझ्या टेबलावर बसावं. कुणी काही बोलू नये."

मला बरं वाटायला हवं होतं. इतक्या वर्षांचा हेवा फिटायला हवा होता. पण परतीच्या रिक्षात माझ्या मनात हेच फिरत राहिलं, की तिच्या डोक्यात भांडणाऱ्या त्या माणसांत मी कुठेच नव्हते. तिने इतक्यांचं ओझं वाहिलं, त्यात माझं कधीच काही नव्हतं.

मातीच्या दिवशी पापडीच्या चर्चमध्ये मी मागच्या बाकावर बसले. सलीम दाराबाहेर चपला काढून, डोक्याला रुमाल बांधून उभा होता. पार्वती मोठमोठ्याने रडत होती, "कोन सांगंल आता आमचं साहेबाला?" कारखान्याला कुलूप लागून कितीतरी काळ लोटला होता, तरी ती साहेबाचंच म्हणत होती. रामआसरे भिवंडीहून आला होता, हातात झेंडूचा हार. ख्रिस्ती मातीला तो कसा वाहायचा ते त्याला कळेना, म्हणून रेजिनाच्या भावाने त्याचा हात धरून पुढे नेलं. प्रत्येक जण म्हणत होता, आमची रेजिनाबाय. हमारी रेजिनाबाय. मला वाटत होतं ओरडून सांगावं, तुम्हाला ती दिसलीच नाही, मी पाहिली आहे तिला, रोज, समोरच्या टेबलावरून.

परवा तिला जाऊन महिना झाला, त्या मिस्साला गेले होते. नंतर तिच्या घरी गेले तेव्हा तिची वहिनी म्हणाली, "बसा हो तिच्या खोलीत, मी चहा टाकते." खोली तशीच आहे. खिडकीखाली एक लांब लाकडी बाक, पाठ नसलेला, जुन्या साडीची घडी अंथरलेला. समोर तिची खाट, चादर ताणून घातलेली. खिडकीतून केळीची पानं आत आलेली, ती कुणी छाटलेली नाहीत. मी बाकाच्या मधोमध बसले. घरात आवाज नव्हता. ती गेल्यापासून, आणि खरं तर ती असतानाही, त्या खोलीत एवढा वेळ मी एकटी अशी पहिल्यांदाच होते. खाटेकडे पाहून काहीतरी बोलावं असं वाटलं. "रेजिना," एवढंच म्हटलं मी...

तेवढ्यात बाहेर फाटकाची कडी वाजली. कुणीतरी वहिनीशी बोलत होतं, मग ओटीवर चपला काढल्याचा आवाज आला. एकाची नाही, दोघा-तिघांची पावलं होती. आले, मी मनात म्हटलं. जुनी कळ आतून उठलीच, ती काही आता जायची नाही. मी पर्स मांडीवर घेतली आणि बाकाच्या एका कडेला सरकून बसले.